खेळाच्या तासाला अंध व अल्पदृष्टी मूल

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. घंटा होताच वर्ग मैदानावर जातो, आणि पुष्कळदा असे दिसते की, एखादे मूल मात्र कडुलिंबाच्या सावलीत किंवा वर्गाच्या ओट्यावर बसून राहते. इतरांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या, प्रसंगी गुरुजींचे घड्याळ त्याच्या स्वाधीन केलेले असते. कारण विचारल्यास ‘त्याला नीट दिसत नाही’ असे उत्तर मिळते. उत्तर देणाऱ्याच्या मनात निष्ठुरता नसते. मूल पडेल, त्याला चेंडू लागेल, पालक तक्रार घेऊन येतील, ह्या काळजीपोटीच त्याला बसविलेले असते. परंतु पहिलीत अशा रीतीने बसविलेले मूल चौथी उत्तीर्ण होईपर्यंत बसूनच राहते, आणि वरच्या शाळेत गेल्यावर ‘ह्याला खेळाची आवड नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो. जी गोष्ट त्यास कधी मिळालीच नाही तिची आवड त्यास नाही, असा हा विलक्षण न्याय होय.

दृष्टी अधू असलेल्या मुलाचे धावणे बंद झाले म्हणजे केवळ एक करमणूक बुडाली, असे समजू नये. डोळस मूल अंतर पाहून शिकते. अंध मुलास ते पावलांनी मोजूनच शिकावे लागते. विहीर किती दूर, फाटक कोणत्या हाताला, आवाज मागून आला की बाजूने, हे ज्ञान त्याला बसल्या जागी मिळणार नाही. मान खाली, खांदे पुढे, पाऊल घासत चालणे, मोकळ्या जागेचे भय, बसल्या बसल्या अंगास झोके देण्याची सवय, ही सर्व लक्षणे लोक अंधत्वाचीच मानतात. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळशी हालचालीच्या अभावाची असतात, आणि लहान वयात खेळावयास मिळाल्यास ती पुष्कळ कमी होतात.

अंधांनी खेळावे तरी काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी अलीकडचीच एक घटना आठवावी. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी कोलंबो येथे अंध महिलांच्या पहिल्या वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला व भारताच्या मुलींनी नेपाळच्या संघावर सात गडी राखून विजय मिळविला. ह्या संघाची कर्णधार कर्नाटकाची दीपिका टी. सी. होती आणि उपकर्णधार महाराष्ट्रातील गंगा कदम ही होती. पुरुषांच्या संघाने तर २०१२, २०१७ व २०२२ ह्या तिन्ही वर्षी वीस षटकांचा विश्वचषक जिंकलेला आहे. नागपूरच्या कांचनमाला पांडे ह्या पूर्णपणे अंध जलतरणपटूने २०१७ साली मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत दोनशे मीटर मिश्र शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. तलावाची भिंत जवळ आली हे अशा पोहणाऱ्यास कळावे कसे? काठावर उभा असलेला साहाय्यक लांब काठीच्या मऊ टोकाने त्यास हलकासा स्पर्श करतो, आणि तो वळतो. एवढी एक साधी योजना केली की अंधांच्या शर्यतीस आणखी फारसे काही लागत नाही. अंधांच्या बहुतेक खेळांचे मर्म असेच आहे. खेळ निराळा नसतो. डोळ्यांनी कळणारी एखादी गोष्ट कानाला किंवा हाताला कळेल अशी केलेली असते.

आता आपल्या वर्गातील मुलाकडे वळावे. ‘अंध’ ह्या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्याप्रमाणे संपूर्ण अंधारात असणारी मुले संख्येने थोडी. त्यांच्याहून कितीतरी अधिक मुले अल्पदृष्टी असतात, म्हणजे चष्मा लावूनही त्यांना पुरते दिसत नाही. क्रीडाक्षेत्रात ह्यांचे तीन वर्ग करण्याची रीत आहे. समोर धरलेल्या हाताचा आकारही ज्यास ओळखता येत नाही, फार तर उजेड-अंधार कळतो, तो पहिला वर्ग. हाताचा आकार ओळखू येतो पण फारच थोडे दिसते तो दुसरा. आणि त्याहून बरे दिसणारा तिसरा. अंधांच्या क्रिकेटमध्ये अकरा जणांच्या संघात पहिल्या वर्गातील निदान चार खेळाडू असावेच लागतात, आणि त्यांनी काढलेली प्रत्येक धाव दोन धावा म्हणून मोजली जाते. संघात घेतले की बसवून ठेवण्याची सोय राहू नये, अशी ही व्यवस्था आहे. गावच्या मैदानावर तिचे अनुकरण करण्यास काहीच हरकत नाही.

अल्पदृष्टी मूल ओळखणे हे शिक्षकाचे पहिले काम, आणि ते दिसते तितके सोपे नाही. पुस्तक नाकाशी धरणारे, फळ्याजवळ येऊन उभे राहणारे, डोळे बारीक करणारे मूल चटकन ध्यानात येते. परंतु काही मुलांच्या दृष्टीचा मध्यभाग शाबूत असून कडा गेलेल्या असतात. नळीतून पाहावे तसे त्यांना दिसते. असे मूल लांबच्या एस. टी. वरची पाटी वाचून दाखविते आणि दुसऱ्याच क्षणी पायाजवळच्या दगडाला ठेचकाळते. संध्याकाळ झाली की ते खेळातून निघून जाते. शिक्षक आणि सवंगडी दोघेही त्यास ढोंगी ठरवितात. मूल ढोंगी नसते. त्याच्या डोळ्यांची तपासणी व्हावयास हवी असते. काही मुलांची कातडी व केस जन्मतः पांढुरके असतात. मराठवाड्याच्या उन्हात त्यांचे डोळे अक्षरशः दिपून जातात. सावलीत किंवा सकाळच्या वेळी, डोक्यावर टोपी घालून तीच मुले उत्तम खेळतात. चेंडूचा रंगही पाहावा. काळ्या मातीच्या मैदानावर पांढरा किंवा पिवळा चेंडू दिसतो, तांबडा हरवतो. पांढुरक्या मुरुमावर ह्याच्या उलट अनुभव येतो. एका मुलाला जो रंग दिसतो तो दुसऱ्याला दिसेलच असे नाही, सबब मुलालाच विचारून निवड करावी.

डोळ्यांच्या तपासणीवाचून खेळास आरंभ करू नये. ग्रामीण रुग्णालयात, अथवा शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्यास जिल्ह्यातील लोक ‘घाटी’ म्हणून ओळखतात, मुलास नेण्याविषयी पालकांना सांगावे. आणि डॉक्टरांना ‘ह्याने खेळावे की नाही’ असा मोघम प्रश्न न विचारता ‘कोणता खेळ टाळावा’ असे विचारावे. ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत फार अंतर असते. फार जाड भिंगाचा चष्मा असलेल्या मुलाच्या डोळ्यातील पडदा सुटण्याचा संभव असतो. त्याला डोक्यास मार बसेल असे खेळ, कुस्ती, उंचावरून उडी, हे वर्ज्य करावे लागते. परंतु त्याच मुलाला बुद्धिबळ आणि डॉक्टरांच्या संमतीने चालण्याचे व हलके धावण्याचे खेळ मोकळे राहतात. एका खेळास मनाई म्हणजे सर्व खेळांस मनाई नव्हे.

धावण्यापासून आरंभ करणे सर्वांत सोयीचे. मैदानावर दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये मुलाच्या कमरेइतक्या उंचीवर एक सुंभाची दोरी घट्ट ताणावी. तीस पावले अंतर पुरे. दोरीत आधीच एक लोखंडी कडी ओवून ठेवावी. मुलाने कडी धरून धावावे म्हणजे हात सोलवटत नाही. दोन्ही टोकांपासून पाच पावलांवर दोरीला चिंधीची मोठी गाठ बांधावी. कडी गाठीला अडली की थांबावयाचे, हे मुलाला आधी चालत चालत चार वेळा दाखवावे. पहिल्या दिवशी मूल चालेल, कदाचित दोरीला बिलगून चालेल. त्यास घाई करू नये. आठवड्याने ते धावू लागते. आयुष्यात प्रथमच कुणाचा हात न धरता धावणाऱ्या मुलाचा चेहरा ज्या शिक्षकाने पाहिला असेल त्यास पुढील परिच्छेद वाचण्याची गरज भासणार नाही.

ह्यापुढची पायरी सोबत्याबरोबर धावण्याची. वीतभर दोरीच्या दोन टोकांना फास करावेत. एक अंध मुलाच्या हातात, दुसरा डोळस सोबत्याच्या हातात. जागतिक स्पर्धांतही हीच पद्धत आहे. तेथील नियम असा की, सोबत्याने खेळाडूस ओढता किंवा ढकलता कामा नये, आणि अंतिम रेषा खेळाडूनेच आधी ओलांडली पाहिजे. सोबती पुढे गेला तर खेळाडू बाद. २०२४ साली पॅरिस येथील पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मा हिने दोनशे मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले ते अभय सिंह ह्या सोबत्याबरोबर धावून. अशा शर्यतीत सोबत्यासही पदक दिले जाते. शाळेतही ही जोडी एक संघ म्हणूनच मोजावी. सोबती निवडताना वर्गातील सर्वांत वेगवान मुलगा न निवडता ज्याचे पाऊल अंध मुलाच्या पावलाशी जुळते तो निवडावा. एकाच मुलावर हे काम कायमचे सोपवू नये. त्याला ते ओझे वाटू लागते आणि मैत्री आटते. दर पंधरवड्यास सोबती बदलावा.

उडीच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियमाची एक गोष्ट खेडेगावच्या शाळेस फार उपयोगी आहे. लांब उडीत डोळस खेळाडूला अरुंद फळीवरून उडी घ्यावी लागते. पूर्ण अंध खेळाडूसाठी फळीऐवजी सुमारे एक मीटर लांबीचा पट्टा असतो, आणि जेथे त्याचे पाऊल उमटते तेथूनच उडी मोजतात. आपल्या मैदानावर तेवढ्या जागेत फक्की पसरावी, ठसा आपोआप उमटतो. खड्ड्याच्या पलीकडे एकानेच उभे राहून टाळी वाजवावी. इतरांनी त्या वेळी अगदी गप्प राहावयाचे असते. शाळेतील मुलांना हे गप्प राहणेच सर्वांत कठीण जाते, असा अनुभव येईल. म्हणून ‘शांत’ अशी एक ठरलेली खूण आधीच शिकवून ठेवावी.

चेंडूच्या खेळास आवाजाचा चेंडू लागतो. १९२२ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एका कारखान्यातील दोघा अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून क्रिकेट खेळण्यास आरंभ केला, आणि अंधांच्या क्रिकेटचा जन्म झाला. आज आपल्या देशात ह्या खेळासाठी छर्रे घातलेला कडक प्लास्टिकचा चेंडू वापरतात. गोलंदाज ‘तयार?’ असे विचारतो, फलंदाजाने होकार दिला की ‘खेळ’ असे म्हणून तो चेंडू खालच्या हाताने सरपटता टाकतो, आणि खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे चेंडूचा निदान एक टप्पा पडावाच लागतो, कारण उडत्या चेंडूचा आवाज येत नाही. शाळेत सायकलच्या दुकानातील जुने छर्रे प्लास्टिकच्या पोकळ चेंडूत घालून छिद्र पक्के बंद केले की काम भागते. फुटबॉल करावयाचा झाल्यास साध्या चेंडूला कुरकुरणाऱ्या प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळावी. चेंडू थांबला की तो मुका होतो, हे ध्यानात ठेवून थांबलेला चेंडू कुठे आहे ते पंचाने सांगावे.

गोलबॉल नावाचा खेळ तर अंधांसाठीच निर्माण झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली एक ऑस्ट्रियन व एक जर्मन गृहस्थ ह्यांनी तो योजिला. तीन-तीन खेळाडू, अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद अंगण, रुंदीभर पसरलेला गोल, आणि घुंगरांचा सव्वा किलोचा चेंडू. चेंडू सरपटत फेकावयाचा व समोरच्यांनी आडवे पडून अंगावर अडवावयाचा. रेषेखाली दोरी असते, ती पायाला व हाताला लागते. ह्या खेळात सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, हे विशेष. म्हणजे डोळस मुलालाही त्यात घेता येते, आणि मग कोण कोणाचा हात धरतो ते पाहण्यासारखे असते. प्राथमिक शाळेत इतका जड चेंडू अर्थातच नको. साध्या रबरी चेंडूला घुंगरे बांधून जाजमावर हा खेळ घ्यावा.

डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणे आपल्या मुलांना नवीन नाही. आंधळी कोशिंबीर महाराष्ट्रातील प्रत्येक अंगणात खेळली गेलेली आहे. तथापि ह्या खेळाविषयी एक सावधगिरी बाळगावी. अंध मुलावरच दर वेळी डाव देऊन त्याच्याभोवती हसत नाचणे हा खेळ नव्हे. सर्वांच्या डोळ्यांवर आळीपाळीने पट्टी यावी, अंध मुलासही पकडणारा व पळणारा अशा दोन्ही बाजू मिळाव्यात. हुतूतूचा मोठा गुण असा की, चढाई करणाऱ्यास दम धरून सतत बोलावे लागते. त्यामुळे तो कोठे आहे हे अल्पदृष्टी मुलास ऐकू येते. साखळीत मधल्या जागी त्यास घेतल्यास तो पकडीला उत्तम उपयोगी पडतो. रस्सीखेचीत तर काहीच बदलावे लागत नाही. खो-खो मात्र पूर्ण अंध मुलास मानवत नाही, कारण पळणारा मुकाट्याने पळतो. तेथे ओढून-ताणून त्यास बसविण्यात अर्थ नाही.

मल्लखांब हा महाराष्ट्राचाच खेळ. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी असलेले बाळंभटदादा देवधर ह्यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे श्री. उदय देशपांडे ह्यांनी मुंबईतील अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविला, आणि त्या मुलींनी जाहीर प्रात्यक्षिके केली. श्री. देशपांडे ह्यांस २०२४ साली पद्मश्री देण्यात आली. विचार केल्यास ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. दोरीवर चढलेल्या माणसाला डोळ्यांचे काम थोडेच; पायाच्या अंगठ्यात दोरीची पकड, मांडीला पडलेला वेढा, तोल, हे सर्व स्पर्शाने कळते. शिकविण्याची रीत तेवढी बदलते. ‘असे कर’ म्हणून करून दाखविता येत नाही. वेढा शब्दांनी सांगावा लागतो, मुलाचा हात शिक्षकाच्या हातापायांवरून फिरवून तो समजावा लागतो, आणि मग त्याच्याकडून करून घ्यावा लागतो. अशा वेळी हात लावण्यापूर्वी मुलाला सांगावे. मुलींच्या बाबतीत शिक्षिकेने किंवा मोठ्या मुलीने शिकवावे. खाली जाड गादी व जाणता मनुष्य असल्याखेरीज दोरीवर कोणालाच चढवू नये, मग ते मूल अंध असो वा डोळस.

पावसाळ्यात वर्गात बसून खेळावयास बुद्धिबळ आहे. अंधांच्या पटावर काळी घरे पांढऱ्यांहून किंचित उंच असतात, प्रत्येक घरास भोक असते, सोंगटीला खुंटी असते, आणि काळ्या सोंगट्यांवर हाताला कळेल अशी खूण असते. खेळाडू पट चाचपतो व आपली चाल मोठ्याने सांगतो. समोर डोळस खेळाडू असला तरी खेळात कोणतीच सवलत द्यावी लागत नाही. वयाच्या तेराव्या वर्षी दृष्टी गेलेले मुंबईचे श्री. चारुदत्त जाधव ह्यांनी १९९७ साली अंधांच्या बुद्धिबळाचा अखिल भारतीय संघ स्थापन केला व देशभर स्पर्धा भरविल्या. जाड पुठ्ठ्यावर काळ्या घरांच्या जागी पुठ्ठ्याचेच तुकडे चिकटवून असा पट कार्यानुभवाच्या तासाला वर्गातील मुलेच करू शकतात.

पालकांची भीती खरी असते, तिला हसू नये. आईस मैदानावर बोलवावे, कडीची दोरी दाखवावी, डॉक्टरांचा सल्ला वाचून दाखवावा. गुडघा फुटणारच, तो सर्वांचाच फुटतो. हेही सांगावे की, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्यातील कलम १६ अन्वये शाळेने अशा मुलास शिक्षणाबरोबरच खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. म्हणजे मुलाला मैदानावर नेणे हा शिक्षकाचा उपकार नसून मुलाचा हक्क आहे. प्राथमिक वयात स्पर्धेची घाई करू नये. पुढे वरच्या वर्गात गेल्यावर ज्याच्या ठायी विशेष गती दिसेल त्याच्याविषयी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे चौकशी करावी. छत्रपती संभाजीनगर शहरात गारखेडा येथे विभागीय क्रीडा संकुल आहे. दिव्यांग खेळाडूंच्या खेलो इंडिया स्पर्धाही २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीस सुरू झालेल्या आहेत. परंतु त्या वाटेस लागणारे मूल आधी गावच्या मैदानावर धावलेले असावे लागते.

शेवटी नोंदीविषयी. शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि एकाने दोन वर्षांत उभे केलेले काम नव्या शिक्षकास ठाऊकच नसते. मूल पुन्हा कडुलिंबाखाली जाऊन बसते. ह्यासाठी कडीची दोरी, छर्ऱ्यांचा चेंडू, घुंगरे, पुठ्ठ्याचा पट ह्यांची नोंद शाळेच्या साहित्य-नोंदवहीत करावी. त्याखालीच मुलाचे नाव, डॉक्टरांनी टाळावयास सांगितलेले खेळ, त्यास जमणारे खेळ, आणि सध्याचा सोबती कोण, एवढे चार ओळींत लिहून ठेवावे व कार्यभार देताना ते पान नव्या शिक्षकास वाचून दाखवावे.